स्टेडियम कोण झाडतं?

“वैशाली, एक टीम कमी करायची आहे. कुठली, ते तुझी शीट सांगेल. शुक्रवारपर्यंत दे,” रॉन म्हणाला आणि माझ्या टेबलावरच्या डब्यातली चकली उचलून निघून गेला.

रॉन आमचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे माझा बॉस. अमेरिकेच्या मध्यावरच्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागात मी बजेट अ‍ॅनालिस्ट होते. ही २००३ सालची गोष्ट. शाळेत मला खो-खोतसुद्धा कुणी घेत नसे, आणि इथे माझ्या शीटवर अठरा टीम्सचं नशीब! इथे बॉसलाही नावानेच हाक मारायची. त्याची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली.

इथल्या युनिव्हर्सिट्या टीम्स अक्षरशः पोसतात. कोच, प्रवास, डॉक्टर, स्कॉलरशिप, सगळं. अठरापैकी दोनच टीम्स तिकिटं विकून पैसे आणायच्या. एक मुलांचं बास्केटबॉल आणि दुसरं फुटबॉल. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. त्या दोघांना ‘रेव्हेन्यू स्पोर्ट’ म्हणतात, बाकीचे सोळा ‘नॉन-रेव्हेन्यू’. आता रेव्हेन्यू म्हणजे नफा नव्हे, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. आमचं फुटबॉल आणायचं त्याहून जास्त खायचं. पण हे ऑफिसात मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

त्या वर्षी राज्य सरकारने ग्रँट कापली होती. मी शीट करायला घेतली. रेव्हेन्यूवाले दोघे बाजूला ठेवायचे, असा रॉनचा हुकूम. मुलींच्या टीम्सना हात लावायचा तर समान संधीचा कायदा आडवा येतो. उरल्या मुलांच्या पाच-सहा टीम्स. त्यात सगळ्यात खाली आली कुस्ती. खर्च फार नव्हता, पण इन्कमच्या रकान्यात ‘फंडरेझिंग’ नावाची एक चिल्लर रक्कम तेवढी होती. पालकांची देणगी असणार, असं मी धरून चालले. टीम गेली की देणगीही जाईल, त्यात काय बघायचं?

एक ओळ मात्र माझ्या डोळ्यांत खुपत होती. मी रॉनकडे गेले.

“आपली फुटबॉल टीम होम गेमच्या आदल्या दिवशी हॉटेलात राहायला जाते. आपल्याच गावात. हॉस्टेलपासून स्टेडियम चालत सात मिनिटं आहे, रॉन.”

“मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून.”

“हे हॉटेल बंद केलं तर कुस्तीचा निम्म्याहून अधिक खर्च निघतो.”

“हॉटेलला हात लावायचा नाही. हेड कोचच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे ते.” मग जरा हसून म्हणाला, “चकल्या संपल्या का?”

घरी मी प्रशांतला सांगितलं. माझा नवरा कोल्हापूरचा. हातातला घास तसाच राहिला त्याचा.

“कुस्ती बंद करताय? अगं, काही लाज वाटते का तुमच्या युनिव्हर्सिटीला!”

“मी नाही करत, शीट करते,” मी म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की माझाच राग येतो.

शुक्रवारी शीट दिली. पुढच्या आठवड्यात कुस्तीचा कोच वॉल्ट माझ्या दारात उभा. साठीचा माणूस, तालमीतल्या पैलवानांचे असतात तसे दोन्ही कान मोडलेले. शीटमध्ये त्याची टीम सगळ्यात खाली आहे, हे रॉनने त्याला सांगितलं होतं. मला वाटलं, आता हा टेबल उलटं करणार. त्याने शांतपणे चष्मा लावला आणि शीट बघायला मागितली. त्याचं बोट ‘फंडरेझिंग’वर येऊन थांबलं.

“हे काय आहे असं तुला वाटलं?”

“पालकांची देणगी.”

“रविवारी सकाळी सातला स्टेडियमवर ये,” तो म्हणाला. “जुने बूट घाल.”

शनिवारी दुपारी फुटबॉलची होम गेम झाली होती. रविवारी मी गेले आणि बघतच राहिले. लोकं म्हणजे काय खातात! शेंगांची टरफलं, सांडलेला कोक, अर्धवट हॉटडॉग, चिकटलेलं चीज. हजारो सीट्स, आणि प्रत्येक सीटखाली उकिरडा. कडाक्याची थंडी. आणि त्या पायऱ्यांवर आमचे तीस पैलवान हातात झाडू, पोती आणि पाण्याचे पाइप घेऊन रांगेने खाली उतरत होते. वॉल्ट सगळ्यांच्या पुढे, कमरेत वाकून.

प्रत्येक होम गेमनंतर हेच चालायचं. गेली बारा वर्षं. त्याच्या बदल्यात खेळ विभाग कुस्तीच्या खात्यात ती चिल्लर रक्कम टाकायचा. त्यातून त्यांचे बूट आणि बसचं डिझेल निघायचं. आमच्याकडच्या बऱ्याच गरीब टीम्स असलीच कामं करून चालतात. कुणी पार्किंग सांभाळतं, कुणी पॉपकॉर्न विकतं. सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या मलाच तेवढं ठाऊक नव्हतं, कारण मी कधी एकही गेम बघायला गेले नव्हते.

माझी आई नागपुरात एका शाळेत शिपाई होती. प्रार्थनेच्या आधी सगळे वर्ग झाडून व्हायचे. शाळेच्या वार्षिक अहवालात मुलांचे मार्क असायचे, हेडमास्तरांचा फोटो असायचा. स्वच्छ वर्गांबद्दल एक ओळही कधी आली नाही, आणि मी लहानपणी त्यावरून चिडायचे. आता तोच अहवाल मी स्वतःच्या हाताने लिहिला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एक पोतं उचललं आणि दोन तास टरफलं भरली.

सोमवारी मी दोन कंपन्यांना फोन करून स्टेडियम झाडायचा रेट विचारला. रेट ऐकून पुन्हा विचारला. मग नवी शीट घेऊन रॉनकडे गेले.

“कुस्ती बंद केली तर वाचतात त्यातले जवळजवळ सगळे पैसे झाडूवाल्याला जाणार,” मी म्हटलं. “माझी पहिली शीट चुकली.”

“ती युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसला गेली आहे.”

“मग ही पाठवू.”

रॉनने खुर्ची मागे सरकवली. “वैशाली, ही पाठवली तर पहिली चुकीची होती, हे कागदावर येतं. पहिली कुणाची होती?”

“माझी.”

“विचार कर,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने चकली घेतली नाही.

प्रशांतला सांगितलं तेव्हा कोल्हापूर जरा थंड पडलं. “हे बघ, ग्रीन कार्डची फाइल याच युनिव्हर्सिटीच्या नावावर आहे. तुझी नोकरी गेली तर माझंही लटकतं. आणि एवढं करून कुस्ती वाचेल कशावरून?”

त्याचं काही चूक नव्हतं. मलाही भीती वाटत होती. पण चूक माझी होती आणि नोकरी त्या म्हाताऱ्याची जाणार होती, हे काही केल्या गिळवेना. मी एक पानी मेमो लिहिला. स्टेडियम कुस्तीची टीम झाडते, बाहेरून झाडून घेतलं तर इतके लागतील, पहिल्या शीटमध्ये हे माझ्याकडून सुटलं. खाली सही केली, शीट जोडली आणि रॉनला सांगून प्रेसिडेंटच्या ऑफिसला पाठवून दिला.

मला कुणी काढलं नाही. कुणी रागावलंसुद्धा नाही. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की मेमो मिळाला, नोंद घेतली. एप्रिलमध्ये कुस्तीची टीम बंद झाल्याचं जाहीर झालं. मुद्दा एवढाच होता की पेपरात ‘एक टीम कमी केली’ असं छापून यायला हवं होतं, सरकारला दाखवायला. मेमो कुणी खोडून काढला नाही. खोडायची गरजच नव्हती.

वॉल्टला दोन गावं पलीकडे एका हायस्कूलमध्ये काम मिळालं, निम्म्या पगारावर.

सप्टेंबरमध्ये पहिली होम गेम झाली. उरलेल्या टीम्सना रॉनने झाडायचं विचारलं, त्यांनी हात वर केले. शेवटी बाहेरची कंपनी बोलवावी लागली. सोमवारी तिचं बिल घेऊन रॉन स्वतः माझ्या टेबलाशी आला.

“कुठे टाकू?” मी विचारलं.

“फुटबॉल ऑपरेशन्सच्या खात्यात,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तिथे कुणी विचारत नाही.”

त्या दिवशी मी वॉल्टला फोन केला. बिलाचा आकडा सांगितला. तो खदखदून हसला.

“बाकांच्या खाली झाडलं का त्यांनी?”

मी दुपारीच जाऊन बघून आले होते. “नाही.”

“आम्ही झाडायचो,” तो म्हणाला. “वैशाली, मेमोबद्दल कळलं मला. थँक यू. पण एक सांग. शीट पाठवायच्या आधी एकदा का नाही आलीस?”



आता माझ्या हाताखाली तीन अ‍ॅनालिस्ट आहेत. माझ्या शीटमध्ये आता एक जास्तीचा रकाना असतो, ‘ही टीम आपलं काय काम करते?’ तो भरल्याशिवाय मी शीट पुढे पाठवत नाही. नवीन पोरं वैतागतात, म्हणतात, हे ईमेलवर विचारलं तर नाही का चालणार? मी म्हणते, नाही चालणार. रविवारी सकाळी सात वाजता जा, आणि जुने बूट घाला.