कुंकू लावलेलं कटर

लाईट आली आणि पाटावरचं कटर आपोआप सुरू झालं.

कटर म्हणजे लाकूड कापायचं मशीन. त्याच दिवशी दुकानातून आणलं होतं. मी त्याला हळदकुंकू लावलं होतं, फूल वाहिलं होतं, नारळ फोडायचा बाकी होता. पातं उघडं होतं. ते पाटात घुसलं, पाटाची ढलपी उडाली आणि मशीन उडी मारून मागे गेलं. मागे आमचे हे मांडी घालून बसले होते. मूठ त्यांच्याकडे राहील असं मीच ते ठेवलं होतं, कारण चालवणार तेच होते.

यांचे गुडघे गेलेले. खाली बसले की हाताला धरून उठवावं लागतं. ते जागचे हलले नाहीत, हलताच येत नव्हतं. मशीन दारापुढच्या ओट्याच्या फरशीवर ठिणग्या उडवत त्यांच्या मांडीत शिरलं. मोठी जाऊ किंचाळली. भिंतीवरचं बटण दाराच्या आत होतं. तिथवर जायला वेळ नव्हता. वायर हाताशी होती, ती मी दोन्ही हातांनी ओढली. पिन बोर्डातून सुटली आणि मशीन थांबलं.

यांचं धोतर लाल झालं होतं. फरशी लाल, माझे हात लाल. ताट उलटलं होतं, तांब्या लवंडला होता. हे पांढरेफटक पडले होते.

"कोठे लागनं वं? कोठे लागनं?" जाऊ विचारत होती आणि स्वतःच डोळे झाकून घेत होती.

मी पदर पाण्यात बुडवला आणि पुसायला लागले. एक मांडी पुसली, दुसरी पुसली. पोटऱ्या पाहिल्या. पायाची बोटं मोजली. पुसलं की खाली शाबूत कातडी निघत होती. डाव्या मांडीवर वीतभर ओरखडा होता, त्यातून जेमतेम रक्त आलं होतं.

"कुंकूच शे," मी म्हटलं. "बठ्ठं कुंकूच शे." सगळं कुंकूच होतं.

धोतराचा सोगा पात्याला गुंडाळला गेला होता. त्यातच पातं अडकलं, म्हणून मांडी वाचली. यांना बोलता आलं तेव्हा ते म्हणाले, "धोतर नवं होतं."

"धोतरनं काय लई बठनात भाऊ!" धोतराचं काय घेऊन बसलात म्हणून जाऊ ओरडली आणि मग रडायला लागली. मी रडले नाही. मला एकदम भूक लागली, हे मला आठवतं.

आता कटर घरात आलं कसं ते सांगते. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहतो. घराच्या दारांना वाळवी लागली होती. न्हाणीघराचं दार तर खालून एवढं गेलं होतं की मांजर आत-बाहेर करायचं. एवढ्याशा कामाला सुतार येत नाहीत. येतो म्हणतात आणि फोन उचलत नाहीत. त्याच उन्हाळ्यात शिंदखेड्याकडचं आमचं गावचं मातीच्या सपाट छताचं, धाब्याचं घर उतरवलं. त्यातली सागाची लाकडं मोठ्या जावेनं टेम्पोत घालून आणली. लाकूड असं की घण मारला तरी दबत नाही. हे म्हणाले, दारं मीच करतो. हातकरवतीनं एक तुळई कापायला घेतली, तर दोन दिवसांत अर्धीसुद्धा झाली नाही. मग मशीन घ्यायचं ठरलं.

दुकानात मी बरोबर गेले. दुकानदारानं दोन मशीनं पुढे ठेवली. एक मोठं, सात इंची पात्याचं. दुसरं छोटं. मी दोन्ही उचलून पाहिली. छोटं पाण्याच्या घागरीहून हलकं. मी म्हटलं, हेच घ्या, तुमच्या खांद्याला मोठं झेपणार नाही.

दुकानदार म्हणाला, "नाना, हे मुळात फरशी कापायचं आहे. लाकडाचं पातं लावून लोक वापरतात, पण पात्यावर झाकण येत नाही."

"झाकण कशाला?" मी म्हटलं. "त्यात काय भाजी ठेवायची आहे?"

गिऱ्हाईकं हसली. मला बरं वाटलं. छोटं घेऊन आलो.

घरी यांनी पातं बसवलं, आतल्या बोर्डात पिन लावली, ओट्यावर एकदा चालवून पाहिलं. चाललं. आणि लाईट गेली. हे म्हणाले, लाईट येईपर्यंत पूजा उरकून घे. आमच्याकडे नवी वस्तू आली की पूजा होतेच. मोटरसायकलीची केली, मिक्सरची केली, शेतावरच्या मोटारीची तर दर दसऱ्याला करत होतो. पिन तशीच राहिली. बटणही चालूच राहिलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तर त्या दिवशी सगळं पुसून झालं, यांना खाटेवर बसवलं, तेव्हा यांना राग आला. "मशीनच खराब आहे. आपोआप चालू कसं होतं? आता जातो आणि त्याच्या टेबलावर आपटतो."

मी पात्यातून धोतर सोडवत बसले होते. सोडवता सोडवता मुठीकडे लक्ष गेलं. मुठीच्या आतल्या बाजूला खटका असतो. तो बोटांनी दाबून धरला की मशीन चालतं, सोडला की बंद. मुठीला नाडा बांधलेला होता. पूजेचा लाल नाडा, पाच वेढे, घट्ट. वेढ्यांखाली खटका पार आत दाबलेला. लाईट नव्हती तोवर कळलं नाही.

नाडा मीच बांधला होता. सैल बांधला तर सुटतो म्हणून जोर लावून बांधला होता.

मी लगेच सांगितलं. लपवून काय करणार होते? मशीन यांच्यासमोर धरलं. यांनी नाड्याखाली बोट घालून पाहिलं, बोट आत जाईना.

"म्हणजे तू मला कापायला निघाली होतीस," हे म्हणाले. "एवढी वर्षं संसार झाला, आता सुचलं?"

"आधी सुचलं असतं तर तुम्ही पळाला असता. तेव्हा गुडघे चांगले होते," मी म्हटलं.

जाऊ आम्हा दोघांना नाही नाही ते बोलली आणि चहा ठेवायला आत गेली.

डॉक्टरकडून सुई घेतली आणि तिथून सरळ दुकानात गेलो. दुकानदारानं कुंकवानं माखलेलं मशीन पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं, झाकणाबद्दल मी बोलले होते तेही. तो हसला नाही. म्हणाला, "अक्का, पूजा करा, नारळ फोडा. आधी पिन काढा. आणि नाडा कलशाला बांधा, मशीनला नको."

मग मी मोठं मशीन मागितलं. त्याचं खालचं झाकण बोटानं मागे सारलं की पातं दिसतं, बोट काढलं की खट्‌कन बंद होतं. लाकडात शिरताना ते आपोआप मागे जातं, बाहेर आलं की परत मिटतं. खटक्याच्या वर एक बारीक बटण आहे. ते अंगठ्यानं दाबल्याशिवाय खटका दबतच नाही. मी ते झाकण कितीतरी वेळा उघडलं आणि मिटलं.

"अगं, झिजेल ते," हे म्हणाले.

"झिजलं तर इथं झिजेल. घरी नाही."

"पण खांदा?"

दुकानदार म्हणाला, "नाना, मशीनचं वजन लाकडावर पडतं, हातावर नाही. तुम्ही नुसतं पुढे ढकलायचं." हे मी पहिल्या वेळीच विचारायला हवं होतं. नुसतं उचलून बघितलं होतं, मशीन हातात उचलून धरूनच चालवायचं असतं तसं.

छोटं त्यानं परत घेतलं नाही. ते आम्ही फरशीवाल्याला देऊन टाकलं.

मोठं आणलं तेव्हा पिन माझ्या हातात ठेवून मी कुंकवाचं एक बोट लावलं. बस. हे उभ्यानं काम करतात, लाकूड कमरेइतक्या उंच लाकडी घोड्यांवर ठेवून. धोतर नेसून मशीनला हात लावायचा नाही, पँट घालायची, हे मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. न्हाणीघराचं दार झालं, स्वयंपाकघराचं झालं. न्हाणीघराचं जरा घासतं.

त्या दिवशी ओट्यावर आम्ही तिघं होतो. हे, मोठी जाऊ आणि मी. तिघंही आहोत.