मिनीबसच्या टपाला काय लावलं होतं

टोकावड्याला आमच्या अंगणात एक मिनीबस उभी आहे. पूर्वी शाळेची होती. नवरा रेल्वेतून निवृत्त झाला आणि भंगारात निघालेली ती गाडी घेऊन आला. आत पलंग केला, शेगडी बसवली, टपाला हवेसाठी झडप कापली. या फिरत्या घरातून म्हणे आम्ही देश बघणार! बघितला तो माळशेज घाट, तोही दोनदा. मग त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. उरला एकच शब्द: हो. भूक लागली? हो. पोट भरलंय? हो.

घरात निजवलं की रडतात. गाडीतल्या पलंगावर मात्र खिडकीतून डोंगर बघत शांत पडून असतात. आणि यंदा मेली ती झडप नेमकी पलंगावरच गळायला लागली. गादी ओली, पांघरूण ओलं. त्यांचा खोकला हटेना. डॉक्टरांनी बजावलं, छाती भरली तर जड जाईल.

मुरबाडला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने गळती बुजवायला सिलिकॉनची नळी, पीयूची नळी, डांबराची पट्टी, कसली तरी पांढरी पेस्ट, सगळं समोर मांडलं. म्हणाला, "काकू, आदी काय लावलंय ते सांगा. सिलिकॉन असंल तर त्याच्यावर दुसरं काय पन धरनार नाय."

मला काय डोंबल माहीत! कधी विचारायला गेलं की यांचं ठरलेलं, "तुला काय करायचंय? मी आहे ना."

घरी येऊन विचारलं, "अहो, सिलिकॉन लावलं होतंत?"

"हो."

"की डांबर?"

"हो."

"पांढरी पेस्ट?"

"हो."

"मग शेणही लावलं असेल!"

"हो."

असा संताप आला म्हणून सांगू! मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडल्यावर शिडी लावून टपावर चढले. उलथण्याने झडपेच्या कडेचा एक तुकडा खरवडला आणि डबीत घालून पुन्हा मुरबाड गाठलं. दुकानदाराने तो उलटासुलटा करून बघितला. "खाली सिलिकॉन, वर डांबर, त्याच्यावर पेस्ट. काकू, हितं तर समदंच लावलंय!" हसायला लागला, मग माझ्याकडे बघून त्याने तुकडा परत डबीत ठेवला. सगळं पत्र्यापर्यंत खरवडून, चार दिवस कडक सुकवून मग पीयू लावा, म्हणाला. भर आषाढात चार दिवस ऊन कुठून आणू? प्लास्टिकचा कागद तेवढा घेतला.

परतीच्या जीपमध्ये डोकं भणभणत होतं. म्हणजे यांचा एकेक हो खरा होता, शेण सोडून. दर पावसाळ्यात नवी नळी घेऊन वर चढायचे, हात झटकत उतरायचे, म्हणायचे, "आता पाच वर्षं बघायला नको." आणि मी चहा करून द्यायचे.

गाडीत शिरले. वाऱ्याने कागद फडफडेल म्हणून तो आतूनच झडपेला बांधला. तरी कडेने टिपटिप चालूच, पलंगावर ठेवलेल्या बादलीत. पलंगाशी बसून विचारलं, "तुम्हालाही कळत नव्हतं ना?"

त्यांचे डोळे भरून आले.

"हो."

मला रडूच फुटलं. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "असू द्या. मी आहे ना."

मग बादली ओतायला उठले.