तीस सप्टेंबरला किती होते?

आमच्या महाविद्यालयात दर जानेवारीला एक फॉर्म येतो आणि त्या दिवशी माझं डोकं फिरतं. केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण. विद्यार्थी किती, मुली किती, कुठल्या वर्षाला किती, कुठल्या प्रवर्गातले किती, दिव्यांग किती, मागच्या वर्षीचे पास किती. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. मला नोडल अधिकारी म्हणतात. पगार तोच, डोकेदुखी तेवढी जास्त. मी मूळचा भिंगारचा. आठवडाभर खर्ड्यात खोली करून राहतो आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी पळतो. त्यामुळे फॉर्म कधीही येवो, शनिवारच्या आत उरकायचा हा माझा नियम होता. तो नियम पुष्पावती गोपाळघरे या बाईंनी मोडला. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

बाई आमच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहेत. वय सेहेचाळीस. आवाज मोठा, अक्षर बारीक. प्रवेशाची नोंदवही, हजेरीपत्रकं, शाळा-कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांची वही, सगळं त्यांच्याकडे. त्यांचं लहानपण उसाच्या फडात गेलं. आईबाप दसरा झाला की ट्रकमध्ये बसायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. या भागात अजूनही तेच चालतं. बाई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या तेव्हा ऊसतोडीवरून परत येईस्तोवर कॉलेजनं त्यांचं नाव कमी केलं होतं. मग लग्न, दोन मुली, आणि तिशीनंतर मुक्त विद्यापीठातून पदवी. आमच्याकडे त्या आधी ग्रंथालयात पुस्तकं झाडायला लागल्या. हे सगळं मला त्यांनी कधी सांगितलं नाही, शिपायानं सांगितलं. बाई स्वतःबद्दल बोलत नाहीत आणि कामाबद्दल थांबत नाहीत.

त्या जानेवारीत फॉर्मच्या आधी संस्थेचं पत्र आलं. सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार ज्या वर्गाची संख्या सलग तीन वर्षं पंचवीसपेक्षा कमी असेल, तो वर्ग जूनपासून बंद. आमचं बी.ए.चं तिसरं वर्ष नेमकं यात सापडत होतं. आधीच्या दोन वर्षांत मी सतरा आणि पंधरा पाठवले होते. आता वर्गात डोकी होती बारा.

पत्राची बातमी फिरत फिरत फडात सत्यशीलापर्यंत पोचली. ही दुसऱ्या वर्षातली मुलगी, पहिल्या वर्षाला वर्गात दुसरी आलेली. बाप वैजनाथ, श्रीरामपूरकडे ऊसतोडीला. सत्यशीलाही दिवाळीपासून तिकडेच होती. तिनं टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून बाईंना विचारलं, "मॅडम, पुढल्या वर्षी वर्ग ऱ्हानार न्हाई म्हनत्यात, खरंय का? दादा म्हनत्यात, खर्ड्यात हाय तवर शिक, जामखेडला न्हाई धाडनार." बाई म्हणाल्या, बघते. फोन ठेवला आणि तडक माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तिसऱ्या वर्षाला किती लिवनार?"

"बारा. वर्गात बारा आहेत."

"प्रवेश पंचवीस झालेत."

"बाकीचे कारखान्यावर गेलेत ना बाई! नसलेली माणसं कुठून मोजू?"

मी चिडलो होतो, कारण गुरुवार होता. बाईंनी फॉर्मसोबतची सूचनापुस्तिका माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर शाईनं खूण केलेली. इतकी वर्षं हा फॉर्म मी भरतो, पण ती पुस्तिका मी कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती, हे इथंच कबूल करून टाकतो. त्यात सरळ लिहिलं होतं की विद्यार्थ्यांची संख्या ही तीस सप्टेंबर या तारखेची द्यायची. त्या दिवशी ज्याचं नाव नोंदलेलं आहे तो मोजायचा. त्याआधी सोडून गेला तो नाही. त्यानंतर गेला तो मोजायचाच. फक्त राहिलेले विषय देण्यापुरता परीक्षेला येणारा नाही. फॉर्म जानेवारीत भरा नाहीतर मार्चमध्ये, विचारलेलं आहे ते तीस सप्टेंबरचं.

आमच्याकडे मात्र पद्धत पडून गेली होती. दसऱ्यानंतर पोरं फडात जातात, जानेवारीत वर्ग अर्धा असतो, म्हणून 'कारखान्यावर' असं पेन्सिलीनं लिहून तेवढी नावं वजा करायची. ही पद्धत कुणी पाडली? मीच. पुण्यामुंबईच्या कॉलेजात ही चूक व्हायचीच नाही. तिथं जानेवारीत वर्ग रिकामा पडत नाही.

तरी मी वाद घातला. हार मानायची सवय नाही. म्हटलं, "बाई, सहा महिने जे नाहीतच, त्यांना विद्यार्थी कसं म्हणायचं?"

"सर, मुकादम टोळी मोजतो तवा कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. पोरंबाळं तर धरतच न्हाई. आमच्या टोळीत अठरा कोयते हुते आन् माणसं हुती साठ. त्याला ऊस तोडून घ्यायचाय, त्यो त्याच्या परीनं मोजतो. सरकारनं तुमाला कोयते इचारलेत का? माणसं इचारलीत. तीस सप्टेंबरची."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतो बहुतेक, कारण मला तो मार लागायला आणखी आठ दिवस गेले.

प्राचार्यांनी मात्र एक अट घातली. आता प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद भरायची असते, आईचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक वगैरे. गैरहजर तेरा जणांची माहिती अर्धवट होती. ती स्वतः विद्यार्थ्याच्या सहीनं आणा, मग मोजू. बहुधा त्यांना वाटलं, बाई थांबतील. बाईंनी दोन दिवसांची रजा टाकली, रविवार जोडून घेतला, कापडी पिशवीत तेरा कोरे फॉर्म आणि दोन पेनं घातली आणि पहाटेची नगरची गाडी पकडली. तिथून श्रीरामपूर. पुढे ट्रॅक्टरवर, पायी, जमेल तसं. पोरं एका ठिकाणी थोडीच होती! काही श्रीरामपूरच्या आसपास, दोघं राहुरीकडे, एक मुलगी नेवाशाजवळ.

परत आल्या तेव्हा त्यांच्या टाचा फुटल्या होत्या आणि चेहरा उजळला होता. बारा फॉर्म, बारा सह्या. काही फॉर्मांवर उसाच्या चिकट बोटांचे डाग. तेरावा बजरंग म्हणून मुलगा होता, तो कुठल्याच टोळीत सापडला नाही. सत्यशीला म्हणाली होती की तो ऊसतोडीला आलाच नाही, श्रीरामपूरला आयटीआयला लागलाय. बाईंनी आल्या आल्या दाखल्यांची वही उघडली. बजरंगनं आमच्याकडून दाखला नेला होता. तारीख बावीस सप्टेंबर. त्या आठवड्यात बाई रजेवर होत्या आणि दाखला दुसऱ्यानं दिला होता, म्हणून प्रवेशाच्या वहीत त्याचं नाव कापायचं राहून गेलेलं.

म्हणजे चोवीस. पंचवीसला एक कमी.

आम्ही तिघं प्राचार्यांच्या खोलीत बसलो होतो. प्राचार्य वाईट माणूस नाही, त्यांनाही वर्ग टिकायला हवा होता. त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, "बावीस सप्टेंबरची तारीख एक ऑक्टोबर करा. मग बजरंग तीस तारखेला आपलाच. कुणाचं काय जातंय?"

मी मान डोलावली. हेही कबूल करतो.

बाईंनी वही परत ओढून घेतली. "न्हाई सर. हा एक खोटा घातला आन् कुनी तपासायला आलं, तर माझी चोवीस खरी पोरं बी खोटी ठरतील. त्यातल्या बारा जनांच्या सह्या मी फडात जाऊन आनल्यात."

"मग वर्ग बंद होईल. चालेल?"

"न्हाई चालनार. पन ह्ये करून न्हाई."

मला त्या बाईंचा राग आला, खरंच आला. एवढी पायपीट करायची आणि शेवटी एका तारखेपायी सगळं पाण्यात घालवायचं? बाई खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "संस्थेचं पत्र बघू बरं." पत्र घेतलं, ओळीखाली बोट धरून वाचलं. बोट 'सलग तीन वर्षं' या शब्दांवर थांबलं.

"सुमंत सर, मागल्या दोन वर्षी तुमी सतरा आन् पंधरा धाडले. ते कवा मोजले हुते?"

उत्तराची वाट न बघता त्या उठून थेट जुन्या कागदांच्या खोलीकडे गेल्या.

दोन दिवस त्या धुळीत होत्या. जुनी प्रवेशाची वही, दाखल्यांची वही, सप्टेंबरची हजेरीपत्रकं एकापुढे एक ठेवून त्यांनी एकेक नाव लावलं. दुबार नाव एकदाच. आधी सोडून गेलेलं वजा. नुसतं परीक्षेपुरतं आलेलं वजा. दोन मुलींची नावं त्यांनी स्वतःच कापली, कारण त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नगरला प्रवेश घेतला होता. शेवटी आकडे आले एकतीस आणि अठ्ठावीस.

मी वजा केलेली माणसं किती? पहिल्या वर्षी चौदा, दुसऱ्या वर्षी तेरा. सत्तावीस. त्यातली बरीचशी माझ्याच वर्गात बसून गेलेली. शनिवारची गाडी चुकू नये म्हणून मी त्यांना पुसून टाकलं होतं.

आता हे संस्थेला लेखी कळवायला हवं होतं आणि ते पत्र नोडल अधिकाऱ्यानं लिहायचं. म्हणजे मी. बाईंनी कोरा कागद पुढे ठेवला आणि कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "'तांत्रिक कारणामुळे तफावत' असं लिहितो."

"तांत्रिक काय हाय त्यात सर?"

मग लिहिलं. मोजण्यात माझी चूक झाली, तारीख चुकीची धरली, दुरुस्त आकडे सोबत जोडले आहेत. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असलं वाक्य मी लिहिलं नव्हतं. लाज वाटली, फार लाज वाटली. सही केली आणि पहिल्यांदाच असं वाटलं की या फॉर्मवर माझी सही कशाला लागते ते मला आता कळलं.

संस्थेच्या बैठकीला मी, प्राचार्य आणि बाई गेलो. सचिव कल्याणराव म्हणजे रोखठोक माणूस. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "वर्ग वाचवायला आकडे फुगवलेत तुम्ही. सहा महिने उसात असणारा विद्यार्थी कसला?"

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी माझेच दोन जुने फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"साहेब, ह्या फॉर्मात सरांनी तिसऱ्या वर्षाला सतरा पोरं लिवलीत. आन् ह्या पुढल्या फॉर्मात त्याच वर्गाचे पास लिवलेत तेवीस. सतरातनं तेवीस पास कसे हुतील?"

कल्याणरावांनी दोन्ही कागद हातात घेतले. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. ते फॉर्म मी भरले होते, मी तपासले होते, त्यावर सही माझीच होती. दोन वर्षांत हे मला दिसलं नव्हतं.

"ती पोरं फडातनं परीक्षेला येत्यात साहेब," बाई म्हणाल्या. "ट्रकनं, एसटीनं, मिळंल तसं. पेपर देत्यात, पास हुत्यात. आपन पास झालेले मोजतो आन् शिकनारे मोजत न्हाई."

कल्याणराव हसले नाहीत, कौतुकही केलं नाही. एवढंच म्हणाले, "एकच वर्ष कमी भरतंय. वर्ग चालू राहील. पुढच्या वर्षी बघू." तेवढं पुरलं. बाहेर आल्यावर बाईंनी मुकादमाच्या नंबरवर फोन लावला आणि सत्यशीलाला सांगा, वर्ग हाय, असा निरोप ठेवला. मग मला म्हणाल्या, "सर, भूक लागलीय." आम्ही उभ्या उभ्या वडे खाल्ले.

पुढच्या तीस सप्टेंबरला मी मुद्दाम सकाळी लवकर आलो. बाई तिसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रवेशाची वही घेऊन एकेकाचं नाव विचारत होत्या. त्या वर्षी काही टोळ्या दसऱ्याआधीच निघाल्या होत्या. फाटकाबाहेर एक ट्रक उभा होता, भांडीकुंडी, गोधड्या, वर बसलेली माणसं. वैजनाथ खाली उतरून मुकादमाशी हुज्जत घालत होता आणि मुकादम सारखा हॉर्न वाजवत होता. सत्यशीला धावत वर्गात आली.

बाई रागावल्या. "अगं येडे, आज इथं हजर पायजेच असं न्हाई. तुझं नाव वहीत हाय, तेवढ्यानं तू मोजली जातीस. किती येळा सांगितलं?"

"ठाव हाय मॅडम," ती धापा टाकत म्हणाली. "पन नुसतं नावच का मोजायचं? म्हनलं, त्या दिशी मी बी असावं."

तिनं सही केली, बाईंच्या पाया पडली आणि गेली. ट्रक निघाल्याचा आवाज आला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण क्षणभरच. मग वहीच्या खाली तारीख घातली, आकडा लिहिला आणि वही माझ्यापुढे सरकवली. एकोणतीस. मी वरपासून एकेक नाव वाचत खाली आलो, बोटानं मोजलं, आणि मग सही केली.