सरजाबाईचं दक्षिणमुखी दार

परभणीतून वसमतच्या रस्त्याला लागलं आणि पेट्रोल पंप मागं टाकला की डाव्या हाताला दौलतनगरची कमान लागते. रविवारी सकाळी या कमानीखालून मोटारसायकलींची रांग आत येते. पुढं नवरा, मागं बायको, मधे लेकरू, आणि सासू असली तर ती मागून रिक्षात. सगळे घर बघायला आलेले. स्टेशनकडचे भाव ऐकून त्यांचे डोळे पांढरे झालेले असतात, मग कुणीतरी सांगतं की दौलतनगरात बघा, तिथं अजून आटोक्यात आहे. इथं नळ आला, नाली आली, सिमेंटचा रस्ता झाला आणि आता तर ट्यूशनच्या पाट्याही लागल्या. वस्तीत ट्यूशनची पाटी लागली की समजावं, वस्ती जागेवर बसली.

सरजाबाई रविवारी डाळ निवडायला मुद्दाम पुढच्या ओट्यावर बसते. डाळीत लक्ष कमी आणि रस्त्यावर जास्त. कोण नुसतं फिरायला आलंय आणि कोण खरंच घर घेणार, हे ती लांबून ओळखते. नुसते फिरणारे भिंती बघतात, घेणारे शेजार बघतात.

पण त्या रविवारी तिचं कशातच लक्ष नव्हतं. फाटकाशी विटांचा ढीग पडला होता आणि दुपारून गवंडी तिचं दार बुजवणार होता.

हे सगळं धम्मदीपचं, म्हणजे तिच्या थोरल्याचं. तो जिल्हा परिषदेत कारकून. घरावर मजला चढवायचा आणि खालचा भाग किरायानं द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. घर दक्षिणमुखी. पण पूर्वेच्या अंगाला पूर्वी जी बोळ होती तिचा आता चांगला रस्ता झाला होता, तेव्हा दार तिकडं न्यावं आणि दक्षिणेचं बुजवावं, असं त्यानं ठरवलं. "मी काय मानतो का, आई?" तो म्हणाला होता. "पण बाजार मानतो. दक्षिणमुखी मनलं की गिऱ्हाईक पाय मागं घेतंय."

सरजाबाई "बरं" म्हणाली होती. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की सरजाबाईचं "बरं" म्हणजे बरं नसतं. पण पोराचं घर, पोराचा संसार, आपण कुठं आडवं पडायचं, म्हणून ती गप्प बसली. काल पूर्वेची भिंत फोडून झाली. विटांचे तुकडे घरात उडाले तेव्हा तिनं उठून एवढंच केलं, दारासमोरच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पदरानं पुसला.

त्या फोटोसाठीच तर तिला हे दार पाहिजे होतं. पण ते पोराला सांगायचं तर फार मागं जावं लागलं असतं.

सरजाबाईचं माहेर आणि सासर दोन्ही सोनपेठकडच्या खेड्यांतलं. दोन्ही गावांत यांची वस्ती दक्षिणेला. गावाचं वाहून आलेलं पाणी, गावाचा उकिरडा आणि ही माणसं, सगळं एका दिशेला. नवरा लिंबाजी परभणीला कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला लागला आणि दोघं शहरात आले, तेव्हा तिला वाटलं, सुटलो. शहराला कुठली आलीय दक्षिण आणि उत्तर?

शहरात दिशा विचारत नव्हते, आडनाव विचारायचे. लिंबाजीचा स्वभाव हसरा, तो हसत काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा. खोली मिळायची. घरमालकीण चांगली असायची, कढीपत्ता द्यायची, लेकराला मांडीवर घ्यायची. मग एखाद्या सणाला सरजाबाई ट्रंकेतून फोटो काढून भिंतीला लावायची, आणि पुढच्याच महिन्यात घरमालकीण दारात येऊन म्हणायची, "खोली खाली करावी लागती बाई, आमचा पुतण्या राहायला यायलाय."

या पुतण्याला परभणीत लय घरं होती. सरजाबाई जिथं जाईल तिथं तो पाठोपाठ राहायला यायचा. गंगाखेड नाक्याला आला, जुन्या पेठेत आला, एकदा तर एका मालकिणीला दीरच नव्हता तरी आला. लिंबाजी सामान बांधताना म्हणायचा, "या पुतण्याला एकदा जेवायला बोलवू, घरचाच मानूस झालाय." सरजाबाई हसायची आणि फोटो लुगड्यात गुंडाळून पुन्हा ट्रंकेत तळाला ठेवायची.

असं करता करता लिंबाजीला माऊली भेटला. हा प्लॉटचा दलाल. खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत, पण तो ज्याला त्याला 'माऊली' म्हणायचा म्हणून तोच माऊली झाला. त्यानं या दोघांना रिक्षात घालून इथं आणलं. तेव्हा दौलतनगर म्हणजे काळं रान आणि त्यात रोवलेले पांढरे दगड. माऊली हात पसरून दाखवू लागला, इथं रस्ता, इथं बगीचा, इथं मंदिर. मग लिंबाजीच्या खिशाचा अंदाज घेऊन म्हणाला, "आन् तुमच्यासाठी माऊली, ही दक्षिणेची लाइन."

सरजाबाई रिक्षातून उतरत होती. एक पाय जमिनीला लागला होता. तो तिनं वर घेतला.

"अवो, चला वापस," ती लिंबाजीला म्हणाली.

"कामून?"

"इथं बी दक्षिणंलाच का आमी? पैसे मोजून बी दक्षिणंलाच?" तिचा आवाज असा चढला की रिक्षावाल्यानं मान वळवून पाहिलं. "आडनाव इचारलं असंल ह्येनं कुठंतरी. मला न्हाई पाहिजे ह्येचं घर."

माऊलीचं तोंड उघडं ते उघडंच. आपण काय बोललो तेच त्याला कळेना. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, आईची आन, तसं काई न्हाई. दार दक्षिणेला येतंय म्हून ही लाइन कुणी घेईना झालंय. यमाची दिशा मनतेत. म्हून तर स्वस्त हाय!"

लिंबाजीनं आधी माऊलीकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि मग तो असा हसत सुटला की हसता हसता ढेकळांतच बसला. "सरजे," तो डोळे पुसत म्हणाला, "आपुन पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणंला राह्यलो. यम तर आपला गाववालाच हाय की!"

सरजाबाई तरी रिक्षातच. तेव्हा तो उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिथं आपल्याला ठिवलं व्हतं. इथं आपुन घ्यायलोत. ठिवनं येगळं अन्‌ घेनं येगळं." मग ती उतरली.

पहिली काही वर्षं कशी गेली ते आठवलं की तिला अजून हसू येतं. पावसाळ्यात चपला हातात घेऊन यायचं. काळी माती पायाला अशी धरायची की घरी येईस्तोवर माणूस वीतभर उंच व्हायचा. दूधवाला म्हणायचा, कमानीपर्यंत येतो, पुढं तुमचं तुम्ही बघा. हळूहळू दक्षिणेची लाइन भरली. दत्तराव गुरुजी आले, ते यमाला मानत नव्हते म्हणून. नर्मदाबाई आपली दोन लेकरं घेऊन आली, तिला मानणं परवडत नव्हतं म्हणून. एकीच्या घरी पीठ संपलं की दुसरीच्या घरची परात जायची. कुणीही कुणाचं आडनाव विचारलं नाही, आणि त्या पुतण्याला हा पत्ता काही सापडला नाही.

फरशी बसायच्या आधीच लिंबाजीनं भिंतीत खिळा ठोकला आणि ट्रंकेतला फोटो दारासमोर लावला. मग रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"दिसायलंय!" तो ओरडला. आणखी दहा पावलं मागं गेला. "हितून बी दिसायलंय!" असा मागं मागं सरकत तो पार कोपऱ्यापर्यंत गेला. "सरजे, हितून बी!"

"अवो, पुरं झालं," ती ओट्यावरून ओरडली, "आता तुमीच दिसंना झालाव!"

विद्यापीठातून आणलेलं कडुलिंबाचं रोप त्यानं दाराच्या बाजूला सरकवून लावलं, उद्या वाढल्यावर फोटो झाकू नये म्हणून. ते लिंब आता घराच्या वर गेलंय. लिंबाजीच राहिला नाही.

तर त्या रविवारी सरजाबाई त्याच लिंबाखाली, ओट्यावर डाळ घेऊन बसली होती आणि माऊली आला. आता त्याच्याकडं मोटार आहे, पोटही आहे. मोटारीतून तिघं उतरली. बजरंग ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला, त्याची बायको राजेश्री एका दवाखान्यात नर्स, आणि बजरंगची आई कस्तुराबाई, वालूरहून खास प्लॉट बघायला आलेली. सरजाबाईच्या शेजारचा प्लॉट नांदेडच्या कुणीतरी इतकी वर्षं अडवून ठेवला होता, तो आता विकायला निघाला होता. या दोघांना झेपेल असा तोच एक.

कस्तुराबाईनं सूर्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दक्षिणमुखी! न्हाई बाबा. माज्या लेकाला यमाच्या दारात बसवू का?"

राजेश्री गवतात शिरून एका कोपऱ्यात उभी राहिली आणि हातानं हवेत काहीतरी मापू लागली. सरजाबाईला लगेच कळलं, पोरगी ओटा कुठं घ्यायचा ते बघायलीय. माऊलीच्या रिक्षातून उतरल्यावर तिनंही असंच केलं होतं.

"पाणी मिळंल का बाई?" कस्तुराबाई ओट्याशी आली. सरजाबाईनं तांब्या दिला. कस्तुराबाईचं लक्ष दारातून आत गेलं, फोटोवर गेलं, आणि तांब्या हातात तसाच राहिला. मग ऊन जास्त होतं म्हणा की शहाणपण, तिनं तांब्या वर धरला आणि घटाघटा पाणी प्याली. पिऊन ओट्यावर टेकलीही.

"लय वरसं झाली का इथं?"

"लेकरं इथंच मोठी झाली."

"मग," कस्तुराबाई आवाज उतरवून म्हणाली, "दक्षिणेचं काई जाणवलं का?"

"जाणवलं की. हिवाळ्यात ऊन पार चुलीपस्तोर येतंय. पापड घरातच वाळतेत."

"तसं न्हाई वो. वाईट काई?"

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. "याच दारानं पोरगी नांदायला गेली, ती चांगली नांदायलीय. याच दारानं पोरगा नोकरीला गेला. मालक बी याच दारानं गेले."

"बगा!"

"बगा काय? आमाला दुसरं दार व्हतं कुठं? उत्तरंला असतं तर उत्तरंनं गेले असते. मानूस जायाचं तवा दार इचारत न्हाई बाई. पर आमाला आयुष्यभर लोकांनी दारातून काढलं, अन्‌ या दारातून कुनी काढलं न्हाई. मला तर हेच जाणवलं."

राजेश्री जवळ येऊन ऐकत होती. आत धम्मदीप चहाचा कप हातात घेऊन उभा होता, त्याचा चहा निवला तरी तो तिथंच होता.

तेवढ्यात कस्तुराबाईची नजर पूर्वेच्या भिंतीकडं गेली. ताजं फोडलेलं भगदाड, खाली विटांचे तुकडे, बाजूला घमेलं घेऊन बसलेला गवंडी. ती ताडकन उठली. "मग हे काय वो? तुमी बी पूर्वेलाच दार काढायलाव की! आमाला शिकवता व्हय?"

राजेश्रीचा चेहरा उतरला. सरजाबाईनं नाही म्हणावं तर भिंत समोर फुटलेली, हो म्हणावं तर आत्ता बोललेलं सगळं मातीत. पोराचं नाव पुढं करणं तिच्यानं होईना. तिनं खाली ठेवलेलं सूप पुन्हा उचललं.

"खिडकी हाय ती, मावशी," धम्मदीप दारात येऊन म्हणाला.

"एवढी मोठी खिडकी?"

"आईला उजेड लागतो." आणि गवंड्याकडं न बघताच तो म्हणाला, "त्या फाटकाजवळच्या विटा हिकडं घ्या. कमरेइतक्या लावा खालून. वर गज बसवू."

गवंड्यानं एकदा भगदाडाकडं आणि एकदा मालकाकडं पाहिलं. "साहेब, मग दार?"

"दाराला काय झालंय?" धम्मदीप म्हणाला.

कस्तुराबाई जाता जाता पुटपुटली, "हिवाळ्यात ऊन चुलीपस्तोर येतंय मनता? बगू." माऊलीनं सरजाबाईकडं बघून हळूच डोळा मिचकावला. वालूरकडच्या बाईचं "बगू" म्हणजे अर्धं हो, हे त्याला धंद्यातून कळलेलं होतं. राजेश्री मात्र गाडीत बसायच्या आधी परत फिरली आणि सरजाबाईच्या पाया पडून गेली.

धम्मदीप त्यांना वाटेला लावायला कोपऱ्यापर्यंत गेला. गाडी गेली, तरी तो तिथंच थांबला, घराकडं तोंड करून. सरजाबाईनं लिंबाखालून मान वर केली. तिथूनच ती ओरडली.

"दिसायलंय का रे?"

"दिसायलंय, आई," तो म्हणाला. "तू बी दिसायलीस."