ग्लासाला ओठ

मुलीचं वजन वाढत गेलं तसं तिच्या फिटच्या औषधाचं मापही वाढत गेलं. पुढे ते गोड, चिकट सिरप इतकं झालं, की ती निम्मं ओकायची. पोटात किती राहिलं, हे सांगता येईना. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. अंदाजाने चालणं मला जमत नाही, आणि इथे अंदाज चुकला की फिट यायची. एकदा ती न्हाणीत पडली. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, आता गोळीच. तीही अख्खी गिळायची. फोडायची नाही, चावायची नाही, कारण तिने पोटात सावकाश विरघळायचं असतं.

मुलगी बारा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. मोजके शब्द बोलते, मोजकंच खाते. माझ्या आईने पहिली गोळी केळ्यात लपवली. मुलीने ती जिभेने शोधली, ताटलीच्या काठावर नीट ठेवली आणि केळं कायमचं सोडलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "लपवू नका, शिकवा. आधी बारीक, गोड काही गिळायला द्या. मग आकार वाढवा. तोवर सिरप चालू ठेवा."

हे मला पटलं. रंगीत बडीशेप आणली, गव्हाच्या चाळणीने बारीक-मोठी वेगळी केली. आई ओट्यावरून बघत होती.

"पोरले काय मोजी ऱ्हायना? ती काय कापूस शे?"

मुलगी बडीशेपेचा दाणा जिभेवर ठेवायची, ग्लास वर धरायची, पाण्याची धार तोंडात सोडायची. पाणी जायचं, दाणा राहायचा, ठसका लागायचा. मी आणखी बारीक दाणा दिला. मग राजगिरा दिला. तरी ठसकाच. घाबरून ती पाण्यालाच नाही म्हणू लागली.

बायको म्हणाली, "अहो, दाना मोठा नही शे. ती पानी वरतीन वती ऱ्हायनी, तठे चुकी ऱ्हायनं. आपन व्हट लाईसन पीसूत तं गोयी पान्यासंगे जास."

तिने स्वतः ग्लासाला ओठ लावून दाखवलं, दाणा घोटाबरोबर गेला. बरोबर होतं. मी इतके दिवस भलतीच गोष्ट मोजत होतो.

पण आमच्या घरात भांड्याला ओठ लावत नाहीत. पाणी वरूनच प्यायचं, नाहीतर भांडं उष्टं होतं. आईने हे मुलीला लहानपणी शिकवलं होतं, आणि मुलगी एकदा शिकली की नियम मोडत नाही. बायकोने ग्लास तिच्या ओठांना लावला, तेव्हा तिने तो ढकलला. "उष्टं," म्हणाली. मी तिच्यासाठी वेगळा ग्लास आणला. "उष्टं." ती बघायची आजीकडे. आजी रोज सकाळी तिच्यासमोरच ब्लड प्रेशरची गोळी घ्यायची, वरून पाणी ओतून.

मी आईला म्हणालो, "माय, तूच गलासले व्हट लाव. तुन्हंच दखीसन ती शिकई."

"मन्हा सारा जनम गया, मी कधी उष्टं पेनू नही. आते म्हातारपने हाई शिकू?"

त्याच आठवड्यात मुलीला पुन्हा फिट आली, अंगणात, आईच्या डोळ्यांसमोर. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडाचा फेस पदराने पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आन तो गलास."

तिने आपली गोळी जिभेवर ठेवली, ग्लासाला ओठ लावले आणि अर्धं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. तिलाही ते येत नव्हतं. मुलगी खदखदून हसली. आई म्हणाली, "हासू नको वं, भवानी. तू पी मंग." मुलीने ग्लास घेतला, काठ बराच वेळ निरखला आणि ओठ लावले. नुसतं पाणी. त्या दिवशी तेवढंच.

मग रोज सकाळी दोघी शेजारी बसू लागल्या. राजगिऱ्यावरून बडीशेपेवर, तिच्यावरून वाटाण्याएवढ्या साखरगोळीवर. घाई मीच करायचो. बायको मला बाहेर पाठवायची.

खरी गोळी पहिल्यांदा गेली तेव्हा मी दारातून बघत होतो. मुलीने ती जिभेवर मागे ठेवली, ग्लासाला ओठ लावले, दोन घोट घेतले. बायको म्हणाली, "तोंड उघाड." जिभेखाली बघितलं, गालात बघितलं. काही नव्हतं.

शेजारी आजीनेही आपली गोळी घेतली होती. मुलगी तिच्याकडे वळली.

"आजी. दखाड."

आईने तोंड उघडलं. मुलीने वाकून तिच्या जिभेखाली, दोन्ही गालांत नीट तपासलं, मग मान हलवली.