रिमार्कच्या रकान्यात निरंक

सकाळची पॅसेंजर देवलखेडीला थांबली, दोन मिनिटं उभी राहिली आणि निघून गेली. चढले दोघं. एक तालुक्याला निघालेले गुरुजी आणि एक तापानं फणफणलेला म्हातारा, ज्याला दुसऱ्या कुणीतरी धरून डब्यात बसवलं. उतरलं कोणीच नाही. मी हातातल्या कागदावर दोन रेघा ओढल्या आणि रिकाम्या फलाटाकडे बघत राहिलो.

स्टेशनचं नाव मी बदलून सांगतोय, कारण मला आता कुणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. बाकी सगळं खरं आहे. उज्जैनपासून गाडीनं पाऊण तासावर हे स्टेशन. संस्थानाच्या काळातलं, दगडी, तीन कमानींचं. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. मी रेल्वेत कमर्शियल इन्स्पेक्टर होतो. म्हणजे तिकीटविक्री, पार्सल, प्रवाशांच्या तक्रारी, हे सगळं बघणारा माणूस. रिटायर व्हायला चार महिने राहिले होते.

वरून फर्मान आलं होतं की ज्या स्टेशनांवर प्रवासी नाहीत तिथले गाड्यांचे थांबे काढायचे. देवलखेडीच्या खिडकीवर तिकिटं फारशी विकली जात नसत. पण त्याचं कारण वेगळं होतं. तिथले लोक मासिक पासवर प्रवास करत आणि पास काढत उज्जैनला. त्यामुळे त्यांचा सगळा हिशेब उज्जैनच्या नावावर जमा. कागदावर देवलखेडी ओसाड आणि प्रत्यक्षात सकाळच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसे. हे मीच साहेबांना समजावलं होतं. त्यावर ते म्हणाले, ठीक आहे, पाच दिवस डोकी मोजा. तारखा तुम्हीच ठरवा, गावाला कळू देऊ नका, नाहीतर मुद्दाम गर्दी करतील.

तारखा गावाला कळू दिल्या नाहीत. तेवढं एक काम मी चोख केलं.

मोजणीच्या आधी एकदा मी तिथं गेलो होतो तेव्हा सज्जनबाई भेटली. झेंडूची शेती करणारी बाई. रोज पहाटे फुलं तोडून, तीन टोपल्या घेऊन या गाडीनं उज्जैनला यायची आणि राम घाटावर विकायची. घाटावर फुलांचा धंदा सकाळचाच. नऊनंतर टोपली घेऊन गेलेल्याला कोणी विचारत नाही. गाडी बंद होणार अशी कुणकुण तिला लागली होती. ती तसं विचारायला आली. मी म्हटलं, मोजणी होणार आहे, तुम्ही रोज जाता तशाच जा, म्हणजे झालं. ती म्हणाली, "तो म्हारो नाम भी लिखजो, साब." मी म्हटलं, लिहीन.

आता पहिल्या दिवशी फलाटावर ती नव्हती. तिच्या बरोबरच्या बायका नव्हत्या. दूधवाले नव्हते, कॉलेजच्या मुली नव्हत्या. पॉइंट्समन बाबूलाल झेंडी गुंडाळत माझ्याकडे आला. गाव कुठं गेलं म्हणून मी त्यालाच विचारलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी सूर्य कुठं उगवतो असं विचारलंय.

"आज से पंचकोशी है, साब. सब पैदल निकल गए."



उज्जैनच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वैशाखाच्या भर उन्हात आजूबाजूची खेडीच्या खेडी पाच दिवस शहराभोवती पायी प्रदक्षिणा घालतात. डोक्यावर गाठोडं, त्यात पीठ-मीठ. निघताना नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून चालायचं बळ उसनं घ्यायचं आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ त्याला परत करायचं. घरी राहतात ते फक्त ज्यांना चालवत नाही ते.

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तीस वर्षं उज्जैनमध्ये काढली होती. तारखा ठरवताना यात्रा टाळायची हेही लक्षात होतं. वैशाख वद्य दशमी ते अमावास्या, हे पाठ होतं. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वैशाख वद्य दशमी बघितली आणि तिच्या नेमक्या एक महिना आधीच्या तारखा दिल्या. ते कॅलेंडर मराठी. दर वर्षी माझा मेहुणा जळगावहून पाठवतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपला चैत्र वद्य तो यांचा वैशाख वद्य, म्हणजे मी दिलेल्या तारखा नेमक्या यात्रेच्याच. इथं राहणारं मराठी शेंबडं पोरही हे जाणतं. घरात वटसावित्री आणि शेजारणीचं व्रत पंधरा दिवसांच्या फरकानं होतं ते यामुळेच. आणि मी, रेल्वेचा सिनियर इन्स्पेक्टर, शेण खाल्लं.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मला विचारायचं होतंत."  आणखी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग साहेबांना फोन केला. सगळं खरं सांगितलं. ही मोजणी रद्द करू, दहा दिवसांनी परत करू, असंही म्हटलं.

"तारीखें किसने दी थीं?" त्यांनी विचारलं.

"मैंने, सर."

"तो मैं ऊपर यह लिखूँ कि मेरे इन्स्पेक्टर को पंचांग देखना नहीं आता?"

मग त्यांनीच पुढं विचारलं.

"रिटायरमेंट कब है आपका?"

"अगस्त में, सर."

"आराम से जाइए ना." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाज अजिबात चढवला नव्हता.

पाच दिवस मी मोजत राहिलो. कधी दोन, कधी चार. एक दिवस एकही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी फ्रीगंजमधल्या आमच्या ऑफिसात बसून फॉर्म भरला. त्यात शेवटी रिमार्कचा रकाना असतो. या काळात मेळा, सण, संप, अतिवृष्टी वगैरे काही असल्यास लिहावे. एक ओळ पुरली असती. पंचक्रोशी यात्रा असल्यामुळे मोजणी ग्राह्य धरू नये. एवढं लिहिलं असतं तर साहेबांना तो कागद दाबता आला नसता, कारण लेखी आलेली गोष्ट दाबायला लेखी कारण द्यावं लागतं. पण मग माझी चूकही लेखी झाली असती. खुलासा मागितला असता. पेन्शनचे कागद कुठंतरी अडकले असते, किंवा अडकतील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो. यात्रेकरू निदान देवाकडून बळ उसनं घेतात. मी कुणाकडे मागितलं नव्हतं आणि माझ्याजवळ स्वतःचं तेवढं नव्हतं.

मी लिहिलं, निरंक. सरकारी भाषेत याचा अर्थ, सांगण्यासारखं काही नाही. खाली सही केली.

दोन दिवसांनी काही काम नसताना मोटारसायकल काढून देवलखेडीला गेलो. सकाळच्या गाडीला फलाट नेहमीसारखा भरला होता. मी खिशातून कागद काढला नाही, तरी मनात मोजलं. ऐंशीनंतर सोडून दिलं. सज्जनबाई टोपल्या चढवत होती. चालून तिच्या पायांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मला बघून तिनं हात जोडले. मी खांबाआड गेलो.

पावसाळ्यात थांबा निघाला. गावानं निवेदनं दिली. प्रत्येक निवेदनाला एकच उत्तर गेलं की प्रत्यक्ष मोजणीत प्रवासी आढळले नाहीत. सोबत माझ्या सहीच्या कागदाचा हवाला. मी ऑगस्टमध्ये आरामात रिटायर झालो. हार, नारळ, शाल.

पुढं दोनेक वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की इमारत ऐतिहासिक आहे. बैल गेला आणि झोपा केला. दगड धुतले, कमानींना दिवे लावले, रुळाच्या तुकड्याला पॉलिश केलं, इतिहासाचा फलक बसवला. वेटिंग रूममध्ये जुनी बाकं आणि जुनं तिकिटांचं कपाट मांडलं. वेट करायला कोणी नाही. गाड्या न थांबता जातात, मालगाडी तेवढी कधी बाजूच्या लाइनीवर उभी राहते. उद्घाटनाला मलाही बोलावलं, जुने अनुभवी अधिकारी म्हणून. माधव नगरला माझ्या घरी न्यायला गाडी आली. जायला नको होतं. गेलो.

माझ्याही गळ्यात झेंडूचा हार पडला. भाषणं झाली. मी स्टेशनच्या इतिहासावर पाच मिनिटं बोललो, टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर कमानीशी रिकाम्या टोपलीजवळ सज्जनबाई बसलेली. हार तिच्याकडूनच घेतले होते. फुलं गावचीच ना. मी विचारलं, आता घाटावर कशा जाता? ती म्हणाली, जातच नाही. बस हमरस्त्यावरून मिळते, टोपल्या घेत नाही, घेतल्या तरी पोचायला नऊ वाजतात. आता शेतातूनच व्यापारी उचलतो, देईल त्या भावानं. अर्धी बाग तिनं मोडून सोयाबीन लावलं होतं.

मग तिनं विचारलं. रागानं नाही, सहज.

"साब, वो गिनती में म्हारो नाम लिख्यो थो के नी?"

खोटं बोलता आलं असतं. फार सोपं होतं. पण एवढं सगळं केल्यावर निदान तेवढं तरी करायचं नाही असं वाटलं. मी म्हटलं, नाही. तुम्ही सगळे तेव्हा पंचकोशीला गेला होता.

तिनं माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं.

"पांच दन तो गया था, साब," ती म्हणाली. "बाकी साल तो यईं था."

मागून उज्जैनची पॅसेंजर धडधडत निघून गेली. टोपली उचलून ती घरी गेली.

घरी आल्यावर मी मेहुण्याला सांगितलं की कॅलेंडर पाठवत जाऊ नकोस. ते उगाचच. कॅलेंडरची चूक दुरुस्त करायला माझ्यापाशी पाच दिवस होते, हातात पेन होतं आणि एक अख्खा रकाना रिकामा होता. नोकरीतल्या नव्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. चूक झाली तर ती रिमार्कमध्ये लिहा. तिथं निरंक लिहिलंत, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जमा होते.