रोबोच्या कपाळावर कुंकू

१९८६ सालची खंडेनवमी. काम नेहमीचंच: घरातली झाडून सगळी हत्यारं पुसायची आणि त्यांना हळदकुंकू लावायचं. विळी, पक्कड, शिलाई मशीन, सासऱ्यांचा गिरणीतला जुना पाना, सगळं ओळीने मांडलं होतं. ओळीच्या शेवटी रोबो.

रोबो माझ्या दिराचा, सुहासचा. डिप्लोमा होऊन दीड वर्ष तो मुलुंडच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून होता. रोबो म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा, त्याला माझ्या मुलाच्या पांगुळगाड्याची चाकं. (मुलगा रांगत होता, त्याला कोणी विचारलं नाही.) त्या संध्याकाळी शेजारच्या गल्लीत राहणारे एक कारखान्याचे साहेब रोबो बघायला यायचे होते. पसंत पडला तर सुहासला नोकरी.

"सोपं आहे, वहिनी," सुहासने सकाळीच मला शिकवलं होतं. "रोबोला तीन गोष्टी लागतात. डोळा, डोकं आणि हातपाय. हा पुढचा डोळा उजेड बघतो. समोर भिंत आली की सावली पडते. डोळा ते डोक्याला कळवतो, डोकं मोटारीला सांगतं, मागे सर."

"आणि भिंत नसली तर?"

"मग पुढे."

"म्हणजे तुझ्या भावासारखाच. सांगितलं तेवढंच करायचं."

"अगदी."

इतकं समजूनही मी नको तेच केलं. डब्याच्या कपाळावर बरोब्बर मध्ये, जिथे टिळा लावायचा तिथेच, मसुराच्या डाळीएवढं काहीतरी गोल होतं. बोट आपोआप तिकडे गेलं. ओलं कुंकू, चांगलं ठसठशीत. वर झेंडूचा हारही घातला.

साहेब आले. चहा झाला. सुहासने बटण दाबलं. रोबो मागे गेला.

"वा, मागे जातो," साहेब म्हणाले.

"पुढेही जातो, सर."

रोबो आणखी मागे गेला. त्याच्या दृष्टीने समोर कायमची भिंत होती, आणि पाठीला डोळा नव्हता. विळी उलथवून, पाटाला घासून तो दाराबाहेर गॅलरीत गेला.

"ह्यो उलटोच कित्याक जाता गो?" सासूबाईंनी विचारलं.

"लाजतोय," मी म्हटलं.

गॅलरीत शेजारच्या कामतकाकूंनी रांगोळीचा मोर काढला होता. लोंबणाऱ्या हाराने पिसारा साफ पुसला गेला.

"अहो, तुमचा डबा आवरा," काकू ओरडल्या.

"डबा नाय, रोबो आसा," सासरे अभिमानाने म्हणाले.

"असू दे की. माझ्या मोराची वाट लागली त्याचं काय?"

पुढे जिना होता. मी धावत जाऊन हार पकडला. हार तुटला. चाक पायरीवरून सुटणार तेवढ्यात सुहासने डबा मिठीत धरला. त्याने डब्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. बोट अजून लाल होतं.

त्याने रुमालाने कुंकू पुसलं आणि रोबो खाली ठेवला. रोबो सरळ पुढे गेला, भिंतीपाशी थबकला, शहाण्यासारखा मागे सरला.

साहेबांनी वाकून डब्याचा डोळा बघितला. मग म्हणाले, "अर्ध्या मिनिटात बिघाड शोधलास. मशीन चालवणारे आमच्याकडे ढीगभर आहेत, बंद पडलं की सगळे एकमेकांकडे बघतात. सोमवारपासून ये." जिना उतरता उतरता थांबले. "कुंकू लावलं कोणी?"

अख्ख्या मजल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्यांना कारखान्यात आणू नकोस."

सासरे भिंतीला टेकून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेवढं हसताना मी त्यांना नंतर फारसं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मी पेढे वाटायला निघाले. तळमजल्यावर सांगितलं, कुंकू चुकून लागलं. पहिल्या मजल्यावर सांगितलं, चुकून कसलं, सुहासची परीक्षा होऊ दे म्हणून मीच लावलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत रोबो जवळजवळ मीच बनवला होता.